ताईच्या तिकिटातली खुर्ची

एका विमानातून उतरून दुसरं गाठायचं असतं आणि पाय साथ देत नसतात, अशा माणसासाठी विमानाच्या दारात कुणीतरी चाकांची खुर्ची घेऊन उभं असतं. ते कुणीतरी म्हणजे लगबग. बिल्ल्यावर तिचं खरं नाव आहे, पण एकोणीस वर्षांत ते कुणी वाचलं असेल तर शपथ. कामाला लागली तेव्हा ती खुर्ची अशी पळवायची, की आत बसलेला म्हातारा दोन्ही हातांनी टोपी धरून ठेवायचा. तेव्हा पडलेलं हे नाव. आता वय चौपन्न, उजवा गुडघा कामातून गेलेला, तरी वॉकीटॉकीवर दिवसभर तीच हाक. "लगबग, कुठे आहात? लगबग, लवकर या." कधी कधी तिला वाटायचं, हे यंत्र एकदा संडासात टाकून पाणी सोडावं.

चार टर्मिनलं होती. एक नंबरमधून चार नंबरला जायचं म्हणजे खुर्ची ढकलत पंचवीस मिनिटं. मध्ये एक लिफ्ट, एक तपासणी, मग एक लांबच लांब चढाची वाट, आणि शेवटी काचेचं दार. त्या दाराशी एक नंबरच्या माणसानं थांबायचं आणि प्रवासी चार नंबरच्या माणसाच्या ताब्यात द्यायचा, सहीसकट. का? तर तसं ठरलंय. कुणी ठरवलं, ते ठरवणाऱ्यालाही आता आठवत नसेल.

लगबगचा सगळ्यात मोठा राग होता तो खोट्या लंगड्यांवर. रांग चुकवायला तिकिटात खुर्ची मागून घेणारी ही माणसं. दारात कण्हत कण्हत बसणार, तपासणीत सगळ्यांच्या पुढे जाणार, आणि सामानाचा पट्टा दिसला की टुणकन उठून बॅग उचलून चालू लागणार. "माझ्या हाताला गुण आहे बाई," ती सोबतिणींना म्हणायची, "लंगडा बसतो आणि धावत जातो." असल्या धडधाकट माणसांना ढकलून ढकलूनच आपला गुडघा गेला, असं तिचं ठाम मत होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

आणि या बाईनं काय केलं असेल? आपल्या सख्ख्या बहिणीला खोटी लंगडी केली.

झालं असं. तीन आठवड्यांपूर्वी भाच्याचा फोन आला. "मावशी, आईचा कागद आला एकदाचा!" ताई आता कायमची लेकाकडे राहायला निघाली होती, दूर, समुद्रापार. तिथल्या सरकारनं परवानगी दिली होती, पण अमक्या तारखेच्या आत पाऊल ठेवायचं, नाहीतर कागद रद्द, आणि दीड वर्षाचा अर्जांचा रामरगाडा पुन्हा पहिल्यापासून. कागद पोस्टातच पडून राहिल्यामुळे तिकीट मिळालं ते अगदी शेवटच्या दिवसाचं. विमान बदलायचं ते लगबगच्याच विमानतळावर, एक नंबरला उतरून चार नंबरला चढायचं. हातात सव्वादोन तास. हे चुकलं तर पुढचं विमान परवा. ताईनं घर सोडलं होतं, भांडीकुंडी वाटून टाकली होती, किल्ल्या नव्या माणसांना देऊन झाल्या होत्या. मागे जायला जागा उरली नव्हती.

"तिकिटात खुर्ची घाल," लगबग म्हणाली.

"अगं मावशी, आई रोज चार किलोमीटर चालते. माझ्यापेक्षा जोरात चालते."

"तू घाल म्हणते ना! साधी प्रवासी म्हणून आली तर मला तिच्याजवळ उभंही राहू देणार नाहीत. कामावर असताना प्रवाशांशी गप्पा मारल्या की लगेच लेखी जातं वर. खुर्ची असली की ती माझ्याच हाती येईल. सव्वादोन तास, आरामात."

भाच्यानं बिचाऱ्यानं खुर्ची घातली. मावशी विमानतळावर काम करते, तिला सगळं कळत असणार, असं त्याला वाटलं.

लगबगला ते सव्वादोन तास कशाला हवे होते, ते तिनं भाच्याला सांगितलं नाही. अकरा वर्षांत बहिणींची भेट नव्हती. आई लवकर गेली, तेव्हा या धाकटीला कडेवर घेऊन वाढवलं ते ताईनं. आणि चार वर्षांपूर्वी भावोजी गेले तेव्हा ही पोचली नाही. सुट्टीच्या गर्दीचे दिवस होते, साहेबांनी रजा दिली नाही, आणि हिनं भांडून घेतली नाही. खरं सांगायचं तर, भांडायला घाबरली. फोनवर तिनं सतरा कारणं सांगितली होती, आणि ताई फक्त "बरं" म्हणाली होती. ते "बरं" चार वर्षं लगबगच्या घशात अडकून बसलं होतं. समोर बसून, हात धरून, एकदा तिला नीट माफी मागायची होती.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, पुढचं तसंच झालं. लगबगनं दोन दिवस आधी साहेबांना जाऊन सांगितलं, "साहेब, परवा माझी ताई येतेय, खुर्चीवर आहे, तेवढी माझ्याकडे द्या." साहेबांनी चष्मा वर केला. "नात्यातली? मग मुळीच देता येणार नाही. नात्यातला प्रवासी नात्यातल्या माणसाकडे द्यायचा नाही, नियम आहे." असला नियम तिनं एकोणीस वर्षांत ऐकला नव्हता. तोंड बंद ठेवलं असतं तर संगणकानं दहात सहा वेळा ताई तिच्याच वाट्याला टाकली असती. आता साहेबांनी स्वतः बसून तिचं नाव वगळलं.

तो दिवस उजाडला आणि ताईचं विमान पन्नास मिनिटं उशिरा आलं. ते टेकलं त्याच मिनिटाला वॉकीटॉकी बोलला, "लगबग, सतरा नंबरच्या दारावर एक गृहस्थ आहेत, त्यांना तीन नंबरच्या टर्मिनलला सोडा." गृहस्थ वजनदार होते आणि त्यांच्या विमानाला चार तास होते. वाटेत अत्तरांचं दुकान लागलं. त्यांनी हात वर केला. लगबगनं खुर्ची थांबवली. त्यांनी एक बाटली मनगटावर उडवली, एक कोपरावर, एक लगबगच्या नाकाखाली धरली.

"हा कसा वाटतो?"

"छान आहे. घ्या."

"का तो पहिला बरा होता?"

"तोही घ्या!"

"तुम्हाला फार घाई दिसते," गृहस्थ म्हणाले. लगबगच्या जिभेवर जे आलं ते तिनं गिळलं. ते गिळायचाच तर पगार मिळतो.

गृहस्थांना पोचवून, दुखरा पाय ओढत ती एक नंबरच्या थांब्यावर परत आली तेव्हा दोन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. थांबा म्हणजे खांबांमध्ये दोरी लावलेली एक जागा, जिथे खुर्चीवाल्या प्रवाशांना आणून ठेवतात. ताईच्या विमानाचं दार तीन वाजून पाच मिनिटांनी बंद होणार होतं. ताई एव्हाना चार नंबरकडे निघाली असेल, निदान लांबून पाठ तरी दिसेल, अशी आशा धरून ती आली होती. आणि पाहते तर काय! ताई तिथेच. बाकावर, छातीला पिवळी चिठ्ठी चिकटवलेली, मांडीवर पर्स, चेहऱ्यावर असा संताप की आजूबाजूचे दोन म्हातारे सरकून बसले होते.

"ताई!"

ताई उठली. काउंटरवरची पोरगी लगेच ओरडली, "आजी, बसा! उठायचं नाही!"

"बघ!" ताई म्हणाली. अकरा वर्षांनी बहिणीशी समोरासमोर बोललेला हा तिचा पहिला शब्द. "चारदा उठले, चारदा बसवलं. खुर्चीत घालून इथवर आणलं, मग खुर्ची दुसऱ्यासाठी काढून नेली, आणि म्हणतात खुर्ची येईपर्यंत हलू नका. मी म्हटलं, मला चालता येतं. तर ही म्हणते, सगळेच तसं म्हणतात."

"किती वेळ झाला?" लगबगनं पोरीला विचारलं.

"खुर्च्या सगळ्या बाहेर आहेत. वीस मिनिटांत येईल एखादी."

"वीस मिनिटांत हिचं विमान जाईल! चालत सोड तिला. मी घेऊन जाते."

"चालत कसं सोडू? तिकिटात खुर्ची आहे. वाटेत पडल्या तर जबाबदारी कुणाची?" पोरगी वाईट नव्हती, नवी होती. नियम पाठ करून आलेली. "आजींनी लिहून दिलं की खुर्ची नको, तर सोडता येईल."

"दे कागद, देते लिहून," ताई म्हणाली.

"तो कागद विमान कंपनीच्या काउंटरवर मिळतो."

"आणि तो कुठे आहे?"

"चार नंबरच्या टर्मिनलला."

ताईनं लगबगकडे पाहिलं. लगबगनं छताकडे. असल्या जागी एकोणीस वर्षं काढली म्हणून आपण वेड्या झालो नाही, की आधीच झालो आणि कुणी सांगितलं नाही, हेच तिला कळेना.

"हे खुर्चीचं खूळ कुणाचं?" ताईनं हळूच विचारलं.

"ताई, नंतर सांगते."

"तुझंच ना? मला वाटलंच. माझ्या पोराला एवढी अक्कल नाही."

थांब्याच्या मागे, खांबाआड, एक मोडकी खुर्ची उभी होती. पुढचं डावं चाक लुळं, पाठीवर लाल चिठ्ठी: दुरुस्तीसाठी, वापरू नये. लगबगनं ती चिठ्ठी ओढून खिशात घातली. "बस," ती ताईला म्हणाली. पोरगी "अहो लगबगबाई, ती खुर्ची..." म्हणेपर्यंत दोघी लिफ्टपाशी होत्या.

"आता तरी सांग," ताई खुर्चीतून म्हणाली.

"आपल्याला गप्पा मारता याव्यात म्हणून केलं. साधी आली असतीस तर भेटूच दिलं नसतं."

"मग मार ना गप्पा."

"ताई, आता विमान गाठायचंय!"

लिफ्ट आली ती भरलेली. दुसरी आली ती वर जाणारी. तिसरीत लगबगनं खुर्ची अशी घुसवली की एका माणसाच्या बॅगेचं हँडल निखळलं. तपासणीत खुर्चीवाल्यांची रांग वेगळी असते, म्हणून तर ताईला बसवणं भाग होतं. तिथे सात मिनिटं वाचली, आणि त्यातली तीन ताईच्या पर्समधल्या अडकित्त्यानं खाल्ली. तो तिच्या सासूचा होता, आणि तपासणारा तो ठेवून घेतो म्हटल्यावर ताईला त्याच्याशी दोन शब्द बोलायचेच होते. "सोड ताई, दहा घेऊन देईन!" लगबगनं तिला तसंच ओढून बाहेर काढलं.

दोन त्रेपन्न. बारा मिनिटं राहिली होती.

मग आला चढ. तसा काही डोंगर नव्हे, प्रवाशांना तो चढ वाटतही नाही. पण खुर्ची ढकलणाऱ्याला एकेक फूट कळतो. त्यात लुळं चाक खुर्ची डावीकडे ओढत होतं, म्हणजे सगळा जोर उजव्या पायावर. पहिल्या शंभर पावलांत लगबगच्या गुडघ्यात कळ निघाली. पुढच्या पन्नासात ती दातओठ खाऊन चालू लागली. लोक बाजूनं भराभर पुढे जात होते.

"ताई," ती धापा टाकत म्हणाली, "भावोजी गेले तेव्हा..."

"तू लंगडतेस का?"

"नाही गं. भावोजी गेले ना, तेव्हा मी..."

"गप्प बस. थांब आधी."

"थांबायला वेळ नाही!"

ताईनं पाय खाली टेकवले आणि खुर्ची थांबवली. उतरली. वळून धाकटीकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, लहानपणी ताप आला की पाहायची तसं. लगबगचा उजवा पाय जमिनीला नीट टेकत नव्हता आणि कपाळावरून घाम गळत होता.

"कधीपासून आहे हे?"

"ताई, नऊ मिनिटं राहिलीत. तू जा पुढे. पळ!"

"कुठे पळू? मला रस्ता ठाऊक आहे का? आणि तुझ्या त्या कार्डाशिवाय दारं उघडतात का?" हे खरं होतं. शेवटचं काचेचं दार कर्मचाऱ्यांच्या कार्डावर उघडायचं. ताईनं तिचा दंड धरला. "बस."

"कुठे?"

"खुर्चीत. दुसरीकडे कुठे? तुझ्या या चालीनं माझं विमान काय, माझा जन्म निघून जाईल. बस, मी ढकलते."

"ताई, अंगावर गणवेश आहे माझ्या! लोक काय म्हणतील?"

"लोकांचं विमान चुकत नाहीये. माझं चुकतंय. बस म्हणते ना!"

ताईनं "बस" म्हटलं की बसायचं, हे लगबगला चौपन्न वर्षांपासून शिकवलेलं होतं. ती बसली. आणि अडुसष्ट वर्षांची ताई, पर्स गळ्यात अडकवून, ती खुर्ची घेऊन जी सुटली, की लगबगनं दोन्ही हातांनी बाजू धरल्या.

"डावीकडे ओढते ती! उजवीकडे दाब!"

"कळतंय मला. तू रस्ता सांग."

"सरळ. त्या खांबाच्या उजवीकडून. अगं, माणूस! माणूस आहे पुढे!"

"त्याला डोळे आहेत," ताई म्हणाली, आणि माणूस खरंच बाजूला झाला. सगळेच बाजूला होत होते. गणवेशातली बाई खुर्चीत आणि छातीवर चिठ्ठी चिकटवलेली आजीबाई तिला ढकलतेय, हे पाहून एका पोराटोरांच्या घोळक्यानं मोबाइल वर केले. लगबगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गुडघा... काय सांगावं, गुडघा गप्प झाला होता. सकाळपासून पहिल्यांदा.

काचेचं दार. पलीकडे चार नंबरचं माणूस उभं असायला हवं होतं. नव्हतं. लगबगनं वॉकीटॉकीवर विचारलं. उत्तर आलं, "दहा मिनिटांत पाठवतो." दोन एकोणसाठ. तिनं कार्ड लावलं, दार उघडलं. एकोणीस वर्षांत ती या दाराच्या पलीकडे खुर्ची घेऊन गेली नव्हती. लगेच साहेबांचा आवाज आला, "लगबग, तुमचं कार्ड चार नंबरला का वाजतंय? तुम्ही कुणाला घेऊन गेलात?"

"मला घेऊन गेलेत," ती म्हणाली आणि आवाज कमी केला.

तीन वाजून दोन मिनिटांनी दोघी विमानाच्या दारापाशी पोचल्या. रांग संपलेली, काचेपलीकडे विमान उभं. ताई खुर्चीला टेकून श्वास घेत पर्समध्ये पासपोर्ट शोधू लागली. तीन मिनिटं. सव्वादोन तासांतली एवढीच उरली होती.

"ताई, भावोजी गेले तेव्हा मी आले नाही," लगबग म्हणाली. चार वर्षं मनात घोळवलेलं सगळं भाषण विसरून गेलं होतं. "रजा नव्हती, पण मी भांडलेही नाही. घाबरले. माझं चुकलं."

ताईचा हात पर्समध्येच थांबला.

"नाही आलीस," ती म्हणाली. "मी दाराकडे बघत होते, तेराव्यापर्यंत. राग आहे अजून. तो मी फोनवर काढीन सावकाश, आता वेळ नाही." पासपोर्ट सापडला. "तू आधी तो पाय डॉक्टरला दाखव. उद्या. मी फोन करून विचारणार आहे."

तेवढ्यात गेटवरचा माणूस यादी हातात घेऊन आला. "खुर्चीवाला एकच प्रवासी राहिला होता, बरं झालं आलात," असं म्हणत त्यानं खुर्चीच्या मुठी धरल्या आणि लगबगला घेऊन तो सरळ विमानाच्या दिशेनं निघाला.

"अहो, अहो! तिला कुठे नेता? मी जाणार आहे!" ताई मागून ओरडली.

तो थांबला. यादी पाहिली, पासपोर्ट पाहिला, दोन पायांवर ठणठणीत उभ्या असलेल्या ताईकडे पाहिलं. "मग खुर्चीत ह्या का?"

"दमलीय ती," ताई म्हणाली. "एकोणीस वर्षं तुमची माणसं ढकलतेय. बसू दे जरा."

त्यानं यादीत ताईच्या नावापुढे खूण केली. ताईनं लगबगच्या केसांवरून एकदा हात फिरवला, पर्स काखेला लावली आणि त्या उतरत्या बोगद्यातून तरातरा चालत गेली. दार लागलं. लगबग तिथेच खुर्चीत बसून हमसून हमसून रडली, आणि गेटवरचा माणूस आपली यादी आवरत राहिला.